राष्ट्रप्रेम आणि ख्रिस्ती भजन : रेव्हरंड टिळकांची कामगिरी

जखमी झालेली एक पक्षिणी धडपडत आपल्या घरट्याशीं येते, चोंचींतला शेवटचा घास पिलांना देते आणि प्राण सोडते, ही कविता महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं शाळेंत पाठ केली आहे. 'केवढें हें क्रौर्य' हा तिचा मथळा. तिचे कर्ते नारायण वामन टिळक हे 'फुलांमुलांचे कवि' म्हणून सुशिक्षित कुटुंबांना परिचित आहेत. परंतु ह्याच कवीची दुसरी एक ओळख आहे, आणि ती क्रमिक पुस्तकांतून सहसा होत नाहीं. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेंत जीं पदें गाइलीं जातात, त्यांपैकीं दोनशेंहून अधिक ह्याच कवीच्या लेखणींतून उतरलेलीं आहेत.

टिळक ख्रिस्ती धर्माचे उपदेशक होते, आणि त्याच वेळीं कडवे देशाभिमानीही होते. ह्या दोन गोष्टी एका मनुष्याच्या ठिकाणीं कशा नांदतात, हा प्रश्न त्यांच्या समकालीनांस फार छळीत असे. ज्यानें स्वधर्म सोडला त्यानें स्वदेशही सोडलाच, असें एका बाजूस म्हटलें जाई. दुसऱ्या बाजूस, जो उठल्याबसल्या देशाचें नांव काढतो त्याची ख्रिस्तनिष्ठा कितपत पक्की असेल, अशी शंका कांहीं मिशनऱ्यांच्या मनांत डोकावत असे. टिळकांनीं ह्या दोघांनाही उत्तर दिलें, आणि तें मुख्यतः गाण्यांतून दिलें.

उपदेशकानें देशभक्तीचें स्तोत्र लिहावें ही गोष्ट जगांत नवी नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत अँडोव्हर येथें धर्मशास्त्राचें एक विद्यालय होतें. १८३१ सालीं तेथें सॅम्युएल फ्रान्सिस स्मिथ नांवाचा एक तरुण विद्यार्थी शिकत होता. लॉवेल मेसन ह्या संगीतज्ञानें त्यास चाळण्यासाठीं कांहीं जर्मन गाण्यांचीं पुस्तकें दिलीं होतीं. त्यांतील एक चाल स्मिथच्या मनांत भरली आणि तिच्यावर त्यानें आपल्या देशाचें एक स्तोत्र रचलें. त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, बोस्टन शहरांतील पार्क स्ट्रीट चर्चमध्यें मुलांनीं तें प्रथम गाइलें. पुढें शंभर वर्षें, दुसरें गीत कायद्यानें राष्ट्रगीत ठरेपर्यंत, अमेरिकन लोक तें राष्ट्रगीतासारखेंच गात असत. गंमत अशी कीं, ती चाल मूळ इंग्लंडच्या राजास दीर्घायुष्य चिंतणाऱ्या गीताची होती. ज्या राजाशीं लढून देश स्वतंत्र झाला त्याच्याच स्तुतीच्या सुरांवर त्या देशाचें स्तोत्र बसलें, आणि कोणास त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. स्मिथ पुढें बाप्टिस्ट पंथाचे पाळक झाले.

ह्या अँडोव्हर विद्यालयाचा महाराष्ट्राशीं जवळचा संबंध आहे. तेथेंच शिकलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ सालीं मुंबईस येऊन उतरले, आणि पुढें 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्याचा त्यांनीं पाया घातला. स्मिथनें बोस्टनसाठीं स्तोत्र लिहिलें त्याच वर्षाच्या अखेरीस अहमदनगर, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तेथें ह्या मिशनचें ठाणें झालें. 'ज्ञानोदय' हें पत्र १८४२ सालीं निघालें तें ह्याच नगरांतून.

मिशनरी आले ते आपल्या देशांतील पदें बरोबर घेऊन आले. शब्द मराठी केले, चाल मात्र मूळचीच ठेविली. येथें एक अडचण उभी राहिली. इंग्रजी पदांच्या चालींत एक अक्षर जोराचें तर एक हलकें असा क्रम चालतो. त्यांच्या अत्यंत प्रचलित सांच्यांत पहिल्या ओळींत आठ, दुसरींत सहा, पुन्हां आठ आणि पुन्हां सहा अशीं अक्षरें असतात, आणि जोर कोठें पडावयाचा हें ठरलेलें असतें. मराठी शब्दांत असा ठाशीव आघात नसतो. मराठी कान ऱ्हस्वदीर्घावर आणि यमकावर पोसलेला आहे. त्यामुळें परक्या सांच्यांत मराठी शब्द बसवूं लागलें म्हणजे 'दयाळू' ह्या साध्या शब्दांतला 'द' लांबतो आणि 'या' आंखडतो. एखाद्या जोडशब्दाचें धड एका ओळींत राहतें आणि शेपूट दुसऱ्या ओळीच्या तोंडाशीं जाऊन बसतें. गाणारा कितीही भाविक असो, रस्त्यानें जाणाऱ्यास तें गाणें साहेबाच्या घरचें वाटे. शिवाय नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांतील बहुतेक महार-मांग समाजांतील गरीब माणसें होतीं. पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. हातांत पुस्तक धरून चार चार ओळींचीं कडवीं म्हणण्याची रीत त्यांच्या काय उपयोगी ?

ह्याच माणसांच्या अंगणांत पिढ्यान् पिढ्या टाळ वाजत आला होता. पुढें एक जण अभंग सांगतो, मागें सर्वजण ध्रुपद धरतात. पुस्तकाची गरज पडत नाहीं आणि दहा वेळां म्हटलेला चरण जन्मभर विसरत नाहीं. ही गोष्ट टिळकांच्या अगोदर ज्यांनीं ओळखली, त्यांत नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे ह्यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. ख्रिस्तचरित्रावर कीर्तन करण्याची आणि देशी चालींवर पदें गाण्याची प्रथा त्यांनीं पाडली. त्यांच्या ह्या कामाची जितकी आठवण राहावयास हवी होती तितकी राहिली नाहीं. टिळकांच्या तेजापुढें ते झांकले गेले असें म्हणावें लागतें.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. आई लवकर वारली. मुलगा नाशकास आला आणि गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशीं संस्कृत शिकला. १८८० सालीं गोखले घराण्यांतील मनकर्णिका ह्या मुलीशीं त्यांचें लग्न झालें. ह्याच पुढें 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळकांचा पाय एका जागीं कधीं ठरला नाहीं. कोठें शिक्षक, कोठें छापखान्यांत जुळारी, कोठें पुराणिक, अशीं अनेक कामें त्यांनीं धरलीं आणि सोडलीं. ह्या भ्रमंतीच्या मुळाशीं एकच ध्यास होता : ह्या देशाचा उद्धार कशानें होईल ? जातिभेद आणि रूढी ह्यांनीं पोखरलेला समाज उभा राहावयाचा तर त्यास कोणता धर्म हवा, ह्याचा विचार ते नागपुरास असतांना रात्रंदिवस करीत. आपणच एक नवा धर्म स्थापावा अशीही त्यांची कल्पना होती. म्हणजे ते ख्रिस्ताकडे वळले ते देशाच्या चिंतेंतून वळले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढील सर्व पदांची किल्ली येथेंच आहे.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका गोऱ्या प्रवाशाशीं त्यांचें बोलणें झालें. कवितेवर गोष्टी निघाल्या, आणि उतरतांना त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली. आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेंही त्यानें भाकित केलें. पुस्तक वाचतां वाचतां टिळक डोंगरावरील प्रवचनापाशीं आले आणि तेथेंच थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों ते तुकोबांच्या पुलावरून पोंचलों, असें ते पुढें सांगत असत. नांव त्यांनीं बदललें नाहीं. नारायण वामन टिळक हें नांव शेवटपर्यंत तसेंच राहिलें.

ह्या निर्णयाची किंमत घरांतल्या माणसांस द्यावी लागली. लक्ष्मीबाईंस कांहीं न सांगतां त्यांनीं हें पाऊल टाकिलें होतें. पति जिवंत असून त्यांस माहेरच्या आणि नातलगांच्या आश्रयानें दिवस कंठावे लागले. कांहीं काळ त्या पंढरपुरास होत्या. सुमारें पांच वर्षांनीं त्या पतीकडे परत आल्या, त्याही आपलें सोवळें-ओवळें संभाळण्याच्या अटीनें. आणि १९०० सालीं, आपल्या विचारानें, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास टिळकांच्या थोरवीइतकाच त्यांचा तऱ्हेवाईकपणाही दिसतो. देशासाठीं रडणारा हा पुरुष घरांतल्या बाईचें दुःख आधीं कां पाहूं शकला नाहीं, असें मनांत येतें. आणि लक्ष्मीबाईंनीं तें हसत हसत लिहिलें असल्यामुळें अधिकच येतें.

टिळक नगरास राहूं लागले, तेथील धर्मशास्त्राच्या विद्यालयांत शिकवूं लागले, आणि १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. भजनांचें मोठें काम ह्या काळांतलें आहे. सांगळ्यांनीं वाट काढली होती. टिळकांनीं ती हमरस्ता केली. त्यांनीं अभंग घेतला, ओवी घेतली, श्लोक, पद, आरती हीं सर्व रूपें घेतलीं. अभंगाचें अंग फार लवचीक असतें. मोठ्या अभंगांत सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि शेवटीं चार अक्षरांचा आंखूड चरण; दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणास यमक. अक्षरें मोजावयाचीं, पण लघुगुरूचें बंधन नाहीं, त्यामुळें बोलण्यांतला शब्द जसाच्या तसा येऊन बसतो. चौथा चरण आंखूड असल्यामुळें तेथें श्वास घेतां येतो, आणि मागच्या मंडळीस ध्रुपद उचलावयास अवकाश मिळतो. ज्या खेडवळ ख्रिस्ती बाईस इंग्रजी चालीचें एक कडवें साधत नव्हतें, तिनें टिळकांचे अभंग सहज उचलले.

पण रूपापेक्षांही भाव महत्त्वाचा. ख्रिस्तास 'राजा' आणि 'सेनापति' म्हणण्याची इंग्रजी पदांची संवय आहे. ज्या देशावर ख्रिस्ती म्हणविणाऱ्याच राजाचें राज्य होतें, त्या देशांत ह्या शब्दांचा काय अर्थ कानांत शिरत असेल, ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त येतो तो गुरुमाउली होऊन येतो. तुकोबांनीं विठ्ठलाशीं जी लडिवाळ भाषा केली, तिचाच वारसा घेऊन टिळक आपल्या गुरूशीं बोलतात. रुसतात, हट्ट धरतात, पायांशीं पडून राहतात. 'अभंगांजली' ह्या त्यांच्या संग्रहांत ही गोडी सर्वांत जास्त आहे.

आणि ह्याच भाषेंत ते देशाचें नांव घेतात. एका पदांत त्यांनीं मातृभूमीच्या कुशीस धन्य म्हटलें आहे, कारण तिनें ऋषि, संत आणि साधु ह्यांना जन्म दिला. ख्रिस्ती उपदेशकानें ऋषींचा असा आदरानें उल्लेख करावा ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. कारण अनेक मिशनरी पुस्तकांतून ह्या देशाचा भूतकाळ केवळ अंधार म्हणून रंगविला जात असे. दुसऱ्या एका पदांत, आपला देश ख्रिस्तचरणीं कधीं वंदन करील, अशी तळमळ आहे. येथें प्रामाणिकपणें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही तळमळ हिंदु वाचकास पटेलच असें नाहीं, आणि टिळकांनींही ती लपविली नाहीं. त्यांच्या दृष्टीनें देशास देण्याजोगी सर्वांत मोलाची वस्तु ख्रिस्त ही होती, म्हणून ती ते देत होते. मात्र तो ख्रिस्त हिंदी वेषांत यावा, त्याच्या मंडळीनें आपलीं नांवें, पोषाख, सण आणि संगीत टाकूं नये, ह्याबद्दल त्यांचा आग्रह अत्यंत कडक होता. ज्यांना देश नाहीं त्यांची भक्तिही उसनी, असें त्यांचें मत होतें.

ह्या आग्रहाची धार त्यांनीं मिशनऱ्यांकडेही वळविली. त्यांना उद्देशून लिहिलेल्या एका पद्यांत, तुम्हीं येथें गुलामांचें राज्य उभारलें आहे, त्यास देवाचें राज्य म्हणूं नका, अशा आशयाचा रोखठोक सवाल आहे. १९१२ सालापासून 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू टिळकांच्या हातीं होती. हें पत्र मिशनचेंच होतें. तेव्हां अशा माणसास तें काम सोंपविणाऱ्यांचीही थोडी वाखाणणी केली पाहिजे.

इतर मराठी लेखकांनीं मात्र टिळकांस धर्मामुळें दूर लोटलें नाहीं. १९०७ सालीं जळगांवास पहिलें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें सर्वांस मोहून टाकिलें, आणि तो 'बालकवि' झाला. टिळकांनीं त्या मुलास पुढें नगरास आपल्या घरीं नेलें, आणि लक्ष्मीबाईंनीं त्यास पोटच्या मुलासारखें वागविलें. ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती उपदेशकाच्या घरीं राहतो, आणि राहून हिंदूच राहतो, हें दृश्य टिळकांच्या देशप्रेमाचा एखाद्या पदाहून अधिक स्पष्ट पुरावा आहे.

चालींविषयीं वर जें म्हटलें त्यास एक अपवाद ध्यानांत घेणें न्याय्य होईल. दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्गजवळ एका मेथॉडिस्ट मिशनशाळेंत ईनोक सोंटोंगा नांवाचे शिक्षक होते. ते शाळेच्या मुलांचें गायकवृंद चालवीत. १८९७ सालीं त्यांनीं खोसा भाषेंत, देवा, आफ्रिकेस आशीर्वाद दे, अशा अर्थाचें पद रचलें. चाल सरळ सरळ मिशनशाळेंतील चर्चगीतांच्या धाटणीची. ते १९०५ सालीं वारले, पण १९१२ सालीं तेथील काळ्या लोकांच्या राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना झाली त्या सभेंत हें पद गाइलें गेलें. पुढें तें स्वातंत्र्याच्या चळवळीचें गीत बनलें, आणि १९९४ सालीं त्यास राष्ट्रगीताचा मान मिळाला. म्हणजे परक्या चालींतूनही लोकांचा प्राण बोलूं शकतो. फरक एवढाच कीं, तेथें वृंदानें, अनेक सुरांत मिळून गाण्याची लोकांची स्वतःची जुनी रीत होती, तिच्याशीं चर्चगीत सहज मिसळलें. महाराष्ट्रांत गाणें एका सुराचें आणि तालाचें. येथें टाळमृदंगावांचून गत नव्हती.

टिळकांचीं सर्वच पदें सारख्या मोलाचीं आहेत असें मात्र नाहीं. ते अतिशय भराभर लिहीत, आणि उपदेशाची हौस पुष्कळदां कवितेवर मात करी. प्रसंगोपात्त लिहिलेलीं कित्येक पदें आज केवळ संग्रहांत उरलीं आहेत. जेथें शिक्षक मागें राहतो आणि भक्त पुढें येतो, तेथें मात्र त्यांचा अभंग संतांच्या पंक्तीस बसावा इतका निर्मळ होतो.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी आणि वेतन दोन्ही सोडलीं, संन्यस्त वृत्ति धरली आणि साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' नांवाचा एक बंधुसंघ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यांत जागा होती. ही कल्पना मिशनऱ्यांस तर धाडसाची वाटलीच, पण पुष्कळ हिंदी ख्रिस्ती लोकही गोंधळून गेले. तिचें पुढें काय झालें असतें तें पाहावयास टिळक राहिले नाहींत. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस जे. जे. रुग्णालयांत त्यांचें देहावसान झालें. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणें पुरण्याऐवजीं, त्यांच्या इच्छेस अनुसरून त्यांच्या देहास अग्नि देण्यांत आला, आणि अस्थि नगरास नेण्यांत आल्या.

'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांच्या हातून आरंभींच्या कांहीं अध्यायांपुढें गेलें नव्हतें. लग्न होऊन आल्या तेव्हां ज्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें, त्या लक्ष्मीबाईंनीं पुढचे बहुतेक अध्याय रचले. त्याही १९३६ सालीं गेल्या, आणि चिरंजीव देवदत्त ह्यांनीं शेवट जोडून १९३८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. टिळकांच्या कांहीं पदांचीं भाषांतरें स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल ह्यांनीं इंग्रजींत केलीं. त्यांतील एक, आपण गुरूच्या शाळेंत बसण्यासही अपात्र असतां गुरूनें जवळ केलें अशा भावाचें, इंग्रजी चर्चगीतांच्या संग्रहांत जाऊन बसलें. आणि ज्या भाषेंतून मराठी मंडळीस पदें उसनीं घ्यावीं लागत होतीं, त्याच भाषेंतील मंडळी आतां नाशकास संस्कृत शिकलेल्या एका कोंकणी कवीचें पद आपल्या चालीवर बसवून म्हणूं लागली.